गाडीवरची पाटी

कचेरी सुटायला पाच-दहा मिनिटं असतील. मी टेबल आवरत होतो, आणि दारात आई उभी दिसली. चपला हातात, लुगड्याच्या काठाला धूळ, कपाळावरचं कुंकू घामानं गालापर्यंत आलेलं. सकाळी मीच तिला शाळकरी पोरासारखं समजावून स्टँडवर सोडलं होतं. माझ्या हिशेबानं ती दुपारी बारालाच वैरागला उतरून गावची वाट चालायला हवी होती.

"आरं, मला कुटं पाठवलं हुतंस रं?" ती म्हणाली आणि दारातच खाली बसली.

मला वाटलं गाडीला अपघात झाला. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं तिला पाणी दिलं. ती दोन तांबे पाणी प्यायली आणि मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ती अक्कलकोटच्या गाडीत बसली होती. गुरुवार होता, स्वामींच्या दर्शनाची गर्दी होती. कंडक्टर तिच्यापर्यंत पोचला तेव्हा गाडी शहराबाहेर बरीच पुढं गेली होती. त्यानं आधी तिला झापलं आणि मग पुढच्या गावाला उतरवलं. तिथं पारावरची माणसं आपसात कानडीत बोलत होती. परतीची गाडी तीन तास आली नाही.

"मला वाटलं, आता काय आपला मुलूख दिसत न्हाई," आई म्हणाली. "एका बाईनं भाकर दिली. तिला माजं कळंना, मला तिचं कळंना. पर भाकर कळली."

"पण तू त्या गाडीत बसलीसच का? मी सांगितलं होतं ना, कर्ण्यावर सांगतील त्याच गाडीत बस म्हणून."

"त्यातच बसले की! तुज्या हवालदारानंच सांगितलं. दोन डाव सांगितलं. बार्शी, वैराग म्हणून."

हे ऐकल्यावर मला जो धक्का बसला तो कशामुळे, ते सांगण्याआधी हवालदाराविषयी सांगितलं पाहिजे.

सत्तरच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. मी नुकताच बी.ए. होऊन सोलापुरातल्या एका लहानशा कचेरीत हंगामी कारकून म्हणून लागलो होतो. लष्करातून निवृत्त होऊन आलेल्या जवानांना नोकऱ्या शोधून देणं हे आमचं काम. आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढं गेलेलं नव्हतं. वैरागच्या शाळेतल्या मास्तरांनी मला फुकट शिकवलं, सोलापुरात एका खाणावळवाल्या मावशीनं दोन वर्षं अर्ध्या पैशात जेवू घातलं. तेव्हा टेबल, खुर्ची आणि टाक मिळाला याचंच मला इतकं अप्रूप होतं की मी रविवारीही कचेरीत जाऊन फायलींवरची धूळ झटकत असे.

जवान यायचे. पोलादी काळी ट्रंक, कडक इस्त्री, हातात निवृत्तीचं पुस्तक. आपल्याला काय येतं, हे त्यांना सांगता यायचं नाही. विचारलं की "जी साहेब" म्हणून ताठ उभे राहायचे. मग त्यांच्या पुस्तकात बघून मीच अर्ज भरायचो. काम वेगानं व्हावं म्हणून मी एक युक्ती काढली होती. वीस-पंचवीस कोरे अर्ज एकावर एक ठेवायचे आणि सगळ्यांचं उत्तर सारखंच असणारे रकाने एका बैठकीत भरून टाकायचे. राष्ट्रीयत्व, भारतीय. मातृभाषा, मराठी. मराठी लिहिता-वाचता येते काय, होय. मग माणूस समोर आला की फक्त नाव, गाव आणि नोकरीचा तपशील घालायचा. आमचे साहेब, जे स्वतः निवृत्त मेजर होते, माझ्या वेगावर खूश होते.

हवालदार करमाळ्याकडचे होते. चोवीस वर्षं सिग्नलमध्ये, म्हणजे तारेवर निरोप पाठवण्याच्या कामात. लष्करातली शिक्षणाची परीक्षा पास, आणि ती परीक्षा मॅट्रिकला समान धरावी असा सरकारी कागद होता. स्टँडवर माइकवरून गाड्या सांगायला आणि चौकशीच्या खिडकीत बसायला माणूस हवा होता. तिथल्या अधिकाऱ्यानं त्यांना नुसतं बोलायला लावलं, आणि आवाज ऐकून तिथंच पसंत केलं. सहा महिने उमेदवारी, मग अहवाल चांगला आला तर कायम. घरी बायको, लग्नाची एक मुलगी आणि शाळेत जाणारे दोघे. जमीन म्हणाल तर भावांत वाटून उरलेला बांध. ही नोकरी टिकणं म्हणजे त्यांच्या घराला सगळं काही होतं.

आणि माझ्यासाठी? माझ्या हातून लागलेली ती पहिली चांगली नोकरी. हवालदारांचा आवाज खणखणीत, स्वच्छ होता. "बार्शीला जाणारी गाडी चार नंबरच्या फलाटाला लागलेली आहे." मी मुद्दाम वाट वाकडी करून तो ऐकायला जायचो. म्हणून आईला ऐटीत सांगितलं होतं, "तिथं कर्ण्यावर बोलतो तो माझाच माणूस आहे. तो चुकायचा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला घेऊन स्टँडवर गेलो. तिला बाकावर बसवलं आणि तरातरा चौकशीच्या खिडकीकडे गेलो. हवालदार उठून उभे राहिले.

"काल माझी आई तुम्ही सांगितलेल्या गाडीत बसली आणि अक्कलकोटच्या वाटेला लागली," मी म्हणालो. "गाडीवर पाटी होती की नाही?"

त्यांचा चेहरा उतरला. "आईसाहेब? त्या गाडीत आपल्या आईसाहेब होत्या?"

"पाटी होती की नव्हती?"

"होती साहेब."

"मग वाचली नाहीत?"

माइकचं बटण बंद आहे याची त्यांनी दोनदा खात्री केली. मग म्हणाले, "साहेब, जरा मागं येता का?"

मागं पाण्याची टाकी होती. तिथं कुणी नव्हतं. ते सावधानमध्ये उभे राहिले आणि समोर बघत म्हणाले, "साहेब, मला मराठी वाचता येत न्हाई."

मी हसलो. खरंच हसलो. मला वाटलं चष्मा वगैरे काहीतरी असेल. खिशात वर्तमानपत्राची घडी होती, ती त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती घेतली, उलटी धरली नाही की काही नाही, नीट समोर धरली, आणि नुसते पाहत राहिले. लहान मूल आभाळाकडे बघतं तसे. मोठ्या अक्षरातला मथळा होता. तोसुद्धा नाही.

"पण तुमची परीक्षा? मॅट्रिकसमान?"

त्यांनी वरच्या खिशातून एक लहान वही काढून माझ्या हातात दिली. मी उघडली. पानं भरलेली होती, छापल्यासारखं सुंदर अक्षर, आणि सगळं इंग्रजी लिपीत. मी अडखळत वाचू लागलो. गाडीचा नंबर, त्यापुढे बार्शी. दुसरा नंबर, त्यापुढे करमाळा. खाली, "ड्रायव्हर मामा पंढरपूरला जातो, बायको आजारी, विचारायचे." आपलीच गावं, आपलीच भाषा आणि एक अक्षर आपलं नाही.

मग ते सांगत गेले, आणि मी टाकीला टेकून ऐकत गेलो. शाळेत ते गेलेच नव्हते. शेरडं राखता राखता भरतीला पळाले. अक्षरओळख झाली ती पलटणीत, आणि तेव्हा तिथं हिंदुस्थानी बोली इंग्रजी अक्षरांत शिकवत. त्यातच परीक्षा झाली. तारेचं कामही इंग्रजी अक्षरांचं. पुढं पलटणीत नागरी अक्षरं आली, पण परीक्षा झालेल्याला कुणी पुन्हा विचारलं नाही.

"घरचं पत्र आलं तर?"

"दुसऱ्याकडून वाचून घ्यायचो. चोवीस वर्सं. घरात काय झालं ते आदी परक्याला कळायचं, मग मला."

गावात कुणाला हे ठाऊक नव्हतं. बायकोलाही नाही. उलट गावात ते शिकलेले म्हणून नावाजलेले होते. स्टँडवर त्यांनी आपली रीत बसवली होती. गाडीचा नंबर इंग्रजीत असतो, तो वाचता येतो. रोज प्रत्येक ड्रायव्हरला गाठायचं, "कुठं निघाला मामा?" म्हणून विचारायचं, वहीत टिपायचं. लोकांना वाटे काय लाघवी माणूस आहे. काल टिपून झाल्यावर अक्कलकोटची गाडी बिघडली आणि बार्शीची गाडी पाटी बदलून तिकडे धाडली. वहीत बार्शी, पाटीवर अक्कलकोट. पाटी त्यांच्यासमोर दहा पावलांवर होती.

त्या घटकेला मला काय वाटलं ते मी लपवणार नाही. माझ्या डोक्यात पहिलं आलं ते त्यांचं घर नव्हे, आईही नव्हे. डोळ्यांसमोर आला तो अर्ज. "होय." माझ्या अक्षरातला, माणूस समोर यायच्या आधीच लिहून ठेवलेला.

"कुणाला बोललात का?" मी विचारलं.

"न्हाई साहेब. पण आता रपट द्यावी लागंल."

"कसली रपट? वेड लागलंय का? एक चूक झाली, संपलं. गप्प बसा."

"साहेब, चुकीचा निरोप गेला म्हंजे चुकीच्या जागी माणूस मरतो. काल कुणी मेलं न्हाई एवढंच. मी बोलतो तवा ज्याला वाचता येत न्हाई तोच ऐकतो. वाचणारा कशाला ऐकंल? मी आंधळा, आणि मागं आंधळ्यांची रांग."

"तुमची नोकरी जाईल."

"जी साहेब."

"आणि माझीही," असं माझ्या तोंडून निघून गेलं. त्यांनी माझ्या हातातली वही घेऊन खिशात घातली. मग म्हणाले, "तुमचं नाव येणार न्हाई," आणि वळून खिडकीकडे गेले.

आई त्या दिवशी बरोबर गाडीनं गेली. मी स्वतः पाटी वाचून तिला बसवलं आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभा राहिलो.

कचेरीत गेल्यावर मेजरसाहेबांना आडवळणानं विचारलं, पूर्वी पलटणीत इंग्रजी अक्षरात शिकवायचे का? ते चिरूट बाजूला ठेवून म्हणाले, "अर्थात! आमचे कितीतरी जुने जवान तेच वाचत. तुला माहीत नव्हतं?" मला माहीत नव्हतं. त्यांना माहीत होतं. आमच्या दोन टेबलांमध्ये चार हातांचं अंतर होतं, आणि त्या अंतरात ही गोष्ट पडून होती.

शनिवारी स्टँडच्या अधिकाऱ्यांनी मला बोलावणं धाडलं. त्यांच्यापुढे तो अर्ज उघडा होता.

"तुमच्या हवालदारानं येऊन स्वतःहून सांगितलं," ते म्हणाले. "असा माणूस मी पाहिला नाही. मराठी वाचता येत नाही म्हणतो. मी म्हटलं, मग अर्जात हे काय? तर म्हणाला, कारकूनसाहेबांनी विचारलं होतं, मीच खोटं सांगितलं. असंच झालं ना?"

चोवीस वर्षं ज्या माणसानं निरोपातलं एक अक्षर इकडचं तिकडे केलं नव्हतं, तो माझ्यासाठी खोटं बोलला होता. आणि मी? मी मान हलवली. "हो" सुद्धा म्हणालो नाही, नुसती मान हलवली.

"ठीक आहे. सोमवारी त्याला मोकळा करतो," ते म्हणाले.

बाहेर आलो. हवालदार खिडकीत नव्हते, फलाटाच्या टोकाला कडुनिंबाखाली उभे होते. मला बघून टाचा जुळवल्या.

"झालं साहेब?"

"झालं."

"तुमाला काय बोलले न्हाईत न्हवं?"

"नाही."

"मग बरं. आईसाहेब पोचल्या का सुखरूप? मी काल ती गाडी सुटंपर्यंत बघत हुतो. पर तुमी उबं हुता, म्हणून जवळ आलो न्हाई."

मला ज्या मास्तरांनी फुकट शिकवलं, ज्या मावशीनं जेवू घातलं, त्यांचे चेहरे एकदम पुढं आले असं लिहिलं तर ते शोभून दिसेल. पण तसं काही झालं नाही. मला फक्त लाज वाटली आणि उकडायला लागलं. मी मागं फिरलो, अधिकाऱ्यांच्या खोलीत न विचारता शिरलो आणि म्हणालो, "साहेब, मी त्यांना विचारलंच नव्हतं. तो रकाना मी सगळ्यांचा आधीच भरून ठेवतो."

त्यांनी अर्ज पुन्हा पुढं ओढला.

"म्हणजे जो खरं सांगायला आला तो खोटं बोलला," ते म्हणाले, "आणि जो शिकलेला आहे त्यानं मघाशी नंदीबैलासारखी मान डोलावली. काय जोडी आहे!"

त्यांनी अर्ज मिटला.

"तुमच्या मेजरसाहेबांना तुम्ही सांगणार, की मी सांगू?"

"मी सांगतो."

"हवालदाराचा अहवाल जायला एक महिना आहे. महिन्यानंतर मी स्वतः त्याला पाटी वाचायला लावणार. आली तर ठीक. तोवर शेजारी शिपाई उभा राहून पाटी वाचेल. आवाज मात्र त्याचाच राहू दे. दुसरं कुणी बोललं की लोक चौकशीला येऊन माझं डोकं खातात."

मेजरसाहेबांनी मला जे सुनावलं ते इथं लिहीत नाही. नोकरी गेली नाही, एवढंच सांगतो. त्याचाही मला धक्काच बसला.

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी सहाला स्टँडवर. पहिलीचं पुस्तक नेलं होतं, ते हवालदारांनी पाहिलं आणि गुपचूप परत दिलं. "साहेब, हे हातात घेऊन मी हितं बसलो तर ड्रायव्हर लोक मला पाळण्यात घालतील." तेव्हा उभ्या गाड्या हेच आमचं पुस्तक. एका टोकापासून चालत जायचं आणि पाट्या वाचायच्या. बार्शीचा ब, वैरागचा व, ब आणि व यांत फक्त पोटातली रेघ. ते अक्षराकडे बघत आणि बोट मांडीवर टकटक वाजवत. पहिल्यांदा मला वाटलं चाळा आहे. मग कळलं, ते प्रत्येक अक्षर आधी तारेच्या खुणेत पाठवत होते आणि तिकडून ते त्यांना समजत होतं.

अक्कलकोटच्या पाटीपुढे ते बराच वेळ थांबले.

"हे दोन क एकावर एक का बसल्यात?"

"जोडाक्षर आहे."

"मला वाटलं गुरुवारची गर्दी," ते म्हणाले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. एक ड्रायव्हर बघत होता. तो ओरडला, "काय हवालदार, पाट्या रंगवायचं कंत्राट घेतलं का?"

"व्हय मामा, तुमचं नाव बी घालतो," ते म्हणाले.

महिन्यानं अधिकारी बाहेर आले. मी खांबाआड उभा होतो. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि नुकत्याच लागलेल्या गाडीकडे बोट केलं. तिचा नंबर चिखलानं झाकला होता. हवालदार पुढं झाले.

"क," ते म्हणाले. बोट मांडीवर हललं. "र. मा." आणि मग थांबले. किती थांबले! तार इंग्रजी अक्षरांची, शेवटच्या अक्षराला तिच्यात खूणच नव्हती, हे मला माहीत होतं. मी आतल्या आत ते अक्षर शंभरदा म्हटलं.

"ळा," ते म्हणाले. "करमाळा."

ते पाटीकडे बघतच राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या तालुक्याचं नाव आपल्या अक्षरांत, कुणी शेजारी नसताना वाचलं होतं. डोळ्यांत पाणी आलं का, ते मी सांगू शकत नाही. पाठ माझ्याकडे होती आणि ती ताठ होती.

"ठीक आहे, ठीक आहे," अधिकारी म्हणाले. "आता ती गाडी सोडा. उशीर झालाय."

ते कायम झाले. मी माझ्या टेबलावरचे आधी भरून ठेवलेले अर्ज फाडून टाकले. त्यानंतर कुणी जवान आला की मी वर्तमानपत्र पुढं सरकवायचो आणि म्हणायचो, "साहेब, माझा चष्मा राहिलाय, एवढं वाचता का?" बरेच जण वाचत. पण मधूनच एखादा कागद हातात धरून नुसता बघत राही, आणि दर वेळी मला ती पाण्याची टाकी आठवे. मी त्यांना पाटी वाचायला स्टँडवर पाठवायचो. शिकवायला तिथं एक माणूस होता.

दिवाळीनंतर आई पुन्हा आली. परत जाताना मी तिच्याबरोबर स्टँडवर गेलो. गाडी फलाटाला लागली, तरी कर्णा गप्पच.

"हवालदार म्हातारा झाला बगा," शेजारचा एक पागोटेवाला म्हणाला. "पयलं कसं गाडी थांबायच्या आदी बोलायचा."

आईनंही विचारलं, "का रं, आज लई येळ लावला?"

"वाचतोय तो," मी म्हणालो.

आईनं गाठोडं खाली ठेवलं. "वाचू दे," ती म्हणाली. "त्याचं हुईस्तवर मी काय चढत न्हाई."